मयताची शिट्टी

"मावशी, चेहरा विकला जातो. आवाज नाही," असं म्हणून रॉकी सरनं माझ्या हातचा चहा अर्धाच पिला आन् कप खाली ठेवला.

त्याच घडीला मी ठरवलं, ह्याचं काहीतरी करायचं. अर्धा चहा ठेवून उठणाऱ्या माणसाचं भलं झाल्याचं मी तरी कधी बघितलेलं न्हाई.

अठ्ठ्याण्णव साल. कऱ्हाडात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खाटेवर आमचे मालक पडलेले. यशवंत मास्तर वायदंडे, सुवर्णपंख ब्रास बँडचे मास्तर. छाती गेलेली, डॉक्टरनं फुंकायची बंदी केलेली. न्हाईतर एके काळी त्यांनी वरातीत ट्रंपेट फुंकलं तर कोयनेच्या पुलावर उभी असलेली एसटी आपसूक चालू झाली होती. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. खोटं वाटत असंल तर त्या ड्रायव्हरला विचारा. आता त्यो न्हाई, ती गोष्ट वेगळी.

रॉकी सरचं खरं नाव राजाराम. पुण्याचा. अंगात कातड्याचं जाकीट, वैशाखात सुद्धा. दीड वर्सामागं त्यो एका लग्नात आला, तिथं आमच्या बँडची पोरं वाजवताना आन् गाताना बघितली, आन् पाच जण उचलून पुण्याला घेऊन गेला. म्हणला, परदेशात असतात तसा पोरांचा ग्रुप काढतो. नाचायचं, गायचं, पोरी मागं लागतात. पाच पोरं गेली. समीर मुजावर, विक्या, पिंट्या, दीपक आन् माझा मुरली.

कॅसेट आली तवा कव्हरवर चारच थोबाडं होती. वर लिवलेलं, 'डॅशिंग फोर'.

मी चष्मा लावून कव्हर उलटं केलं, सुलटं केलं. आतला घडीचा कागद काढला. त्यात कपडे शिवणाऱ्याचं नाव होतं, केस कापणाऱ्याचं होतं, चहा-नाश्ता पुरवणाऱ्याचं सुद्धा होतं. मुरलीचं न्हाई. आन् कॅसेट लावली तर पैल्या गाण्यापास्नं शेवटच्यापर्यंत आवाज फक्त मुरलीचा. चार तोंडांना एक गळा.

"छापखान्याची चूक असंल," मास्तर म्हणले. मास्तर लई भोळे.

चूक कसली आलीय? माझा मुरली जरा चकणा. एक डोळा कृष्णेकडं, दुसरा कोयनेकडं. मास्तर म्हणायचे, कऱ्हाडात दोन नद्या मिळतात, तसं त्याचं पण कधीतरी मिळंल. पण गळा असा, की त्यानं लग्नात गाणं म्हणलं की नवरी सासरला जायची विसरायची.

तर त्या दिवशी राजाराम घरी आला होता, संगट समीरला घेऊन. कारण असं झालं होतं की साताऱ्याच्या कार्यक्रमात लावलेली कॅसेट मशिनीत गुंतली. समीर नाचत होता आन् त्याचा आवाज हळूहळू जाड होत होत रेड्यासारखा झाला. तोंड मात्र हरणासारखंच हलत होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पेपरात आलं. म्हणून आता कऱ्हाडच्या कार्यक्रमाला राजारामनं गावभर बोर्ड लावले होते, 'कॅसेट नाही! समोरासमोर गाणार! आपल्या मातीतली आपली पोरं!' आन् मुरलीनं पडद्यामागं बसून गायचं, पुढं ह्या चौघांनी बंद माईक घेऊन नाचायचं, असा बेत.

"बसंल की पडद्यामागं," मी म्हणलं. "पण शेवटाला स्टेजवरनं एकदा त्याचं नाव घे. मुरली वायदंडे. सात अक्षरं हायत. तेवढ्यानं तुझी दातखीळ बसती का?"

त्यावरच त्यो चेहरा विकायचं बोलला. वर म्हणला, "आणि मावशी, लोकांना उद्या कळलं की मागं एक चक... म्हणजे दुसराच कुणी गातो, तर पोस्टर फाडतील. तुम्हाला बँडबाजावाल्यांना यातलं कळायचं नाही."

मी समीरकडं बघितलं. समीर बिस्किट खात होता. सात वर्साचा असल्यापास्नं ह्याच घरात बिस्किटं खाल्लेली त्यानं. मास्तरांनी फुकट शिकवलेला.

"समीर, तू तरी सांग की रं सायबाला."

"मामी, माझं कुठं चालतंय," असं म्हणून त्यानं दुसरं बिस्किट घेतलं.

तेवढ्यात गल्लीतनं हलगीचा आवाज आला. सुतारआळीतला म्हातारा गेला होता, त्याचं मयत चाललेलं. मास्तरांनी खाटेवरनं हात लांब केला, खिळ्याला टांगलेली पितळी शिट्टी घेतली आन् छातीत होता न्हवता तेवढा वारा गोळा करून दोन लांब शिट्ट्या मारल्या.

हे तुमाला सांगायला पायजे. वरात वाजवत चालली आन् समोरनं मयत आलं, तर बँड जाग्यावर गप व्हायला पायजे, हा मास्तरांचा कायदा. दोन लांब शिट्ट्या झाल्या की सूर अर्ध्यात तोडायचा, वाद्य खाली, मान खाली, डोळं जमिनीला. मयत पुढं गेलं की एक बारीक शिट्टी. पण तवा पण एकदम ढोल बडवायचा न्हाई. रडणाऱ्या घराच्या कानावर एकदम गोंगाट पडू नये म्हणून आधी एकट्या म्होरक्यानं एक ओळ घ्यायची, हळू. बाकीच्यांनी मान खालीच ठेवायची आन् दुसऱ्या ओळीला उचलायचं. पोरांच्या नडगीवर वेताची छडी मारून मारून मास्तरांनी हे हाडात उतरवलेलं. जेवताना शिट्टी मारायचे, झोपेत मारायचे. एकदा समीर नदीत पोहत होता, काठावरनं शिट्टी आली तर गडी मधल्या पाण्यात हात खाली सोडून मान घालून उभा ऱ्हायला. बुडत होता. मुरलीनं केसाला धरून बाहेर काढला.

तर त्या दिवशी माझ्या घरात मास्तरांनी शिट्टी मारली आन् समीर बिस्किट दातात धरून उभा. हात खाली, मान खाली. चाळीस हजार पोरींनी ज्याचं पोस्टर उशाला घेतलेलं त्यो हिरो, दातात बिस्किट.

"ए, काय स्टॅच्यू खेळतोय काय?" राजारामनं त्याला हलवलं. समीर हलला न्हाई. मयत गल्लीच्या टोकाला गेलं, मास्तरांनी बारीक शिट्टी मारली, तवा त्यानं बिस्किट चावलं.

माझ्या डोक्यात टुणकन काहीतरी उडी मारून बसलं.

मुरली दूध आणायला गेला होता, त्यो राजाराम गेल्यावर आला.

"कुठं रेंगाळलास रं एवढा येळ?"

"कोपऱ्यावर उभा होतो," म्हणला. मी काय जास्त लक्ष दिलं न्हाई. द्यायला पायजे होतं.

राजारामचं बोलणं मी त्याला सांगितलं. त्यानं दुधाचं भांडं चुलीपाशी ठेवलं.

"आई, तू त्यात पडू नको. दुसऱ्या कॅसेटवर नाव टाकणार म्हणलेत."

"पैलीवर टाकणार म्हणलावता तसंच ना?"

"आई."

"उद्याच्या कार्यक्रमात तुझ्या जागी समीरचा उदो उदो करणार हायत. तुझ्या गावात. तुझ्या गळ्याचा."

"माझ्या डोक्यावर हात ठेव," मुरली म्हणला. "शपथ घे. उद्या तिथं तोंडातनं एक शब्द काढणार न्हाईस."

मी हात ठेवला. तोंडातनं एक शब्द काढणार न्हाई, म्हणलं. शपथ मी अक्षर न् अक्षर पाळली. पोराच्या डोक्याची शपथ हाय, चेष्टा न्हाई.

दुसऱ्या दिवशी निघताना मास्तरांचा डोळा लागला होता. मी खिळ्यावरची शिट्टी काढली आन् कमरेला खोचली.

मैदानावर दहा हजार माणूस. बरं, आठ धरा. पोरी एवढ्या, की प्रीतिसंगमावर त्या दिवशी देवाला फुलं मिळाली न्हाईत, सगळी ह्यांनी उचललेली. मला राजारामनं पास दिलेला, पार शेवटच्या रांगेत, जनरेटरला टेकून. मला काय ऐकू येऊ नये आन् माझं कुणाला ऐकू जाऊ नये, असा त्याचा हिशोब.

मी उठले. पदर डोक्यावर घेतला, कंबरेत वाकले आन् लंगडत पुढं चालू लागले. पोलिसानं अडवलं, मी नुसतं छातीला हात लावला आन् स्टेजकडं बोट केलं. त्याला वाटलं म्हातारीला कायतरी व्हायलंय. तवा मी जेमतेम पन्नासची होते बरं का, पण वाकल्यावर कुणी वय विचारत न्हाई. त्यानंच मला हाताला धरून स्टेजच्या बाजूला पडद्यापाशी आणून सोडलं.

चार पोरं आली. चंदेरी कपडे, डोक्याला तेल लावल्यासारखं कायतरी. पोरींनी अशी किंकाळी फोडली की माझ्या कानातली कुडी हलली. पुण्याच्या तीन वाजवणाऱ्यांनी सुरुवात केली आन् पडद्यामागनं माझ्या लेकाचा आवाज आला.

'तुझ्या खिडकीत अडकला माझा पतंग, सोडव ना गं.'

समोर समीर तोंड हलवत होता. छातीवर हात ठेवत होता, डोळं मिटत होता, पोरींकडं बोट करत होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला सांगितलं, "काय गळा दिलाय बाई देवानं मुजावरच्या पोराला." मी गप. शपथ होती.

दोन गाणी झाली. मधेच राजाराम हातात चालू माईक घेऊन आला. "कऱ्हाडकर! म्हणत होते ना, ही मुलं गात नाहीत? आता सांगा, कोण गातंय?"

"समीर! समीर!" मैदान ओरडलं.

"जोरात! कोण गातंय?"

"समीर!"

पडद्याच्या फटीतनं मला मुरली दिसत होता. सोड्याच्या बाटल्यांच्या पालथ्या क्रेटवर बसलेला. पुढं माईक. त्यो हसला. मग डोळं मिटून तिसऱ्या गाण्याला लागला.

त्या गाण्यात मधे एक जागा होती, बाजा जरा खाली बसतो आन् नुसता आवाज वर जातो. मी तिची वाट बघितली. आवाज वर गेला. मी शिट्टी तोंडात घातली आन् दोन लांब मारल्या. मास्तरांच्या मी तीस वर्सं हाताखाली होते, मला काय फुंकता येत न्हवतं?

चौघं थांबले. उडी मारायला विक्यानं एक पाय उचलला होता, त्यो पण त्यानं हळूच खाली ठेवला. माईक खाली, हात खाली, मान खाली. चंदेरी कपड्यातले चार खांब.

माझा बेत सोपा होता. हे चार गप उभे ऱ्हातील आन् पडद्यामागनं मुरली गातच ऱ्हाईल. मग बघू दे गावाला, कोण गातंय ते.

पण मुरलीचा आवाज सुद्धा तुटला.

मी फटीतनं बघितलं. माझा लेक क्रेटवरनं उठून उभा ऱ्हायलेला. हात खाली, मान खाली. तवा मला कळलं, काल त्यो दूध घेऊन कोपऱ्यावर कशाला उभा होता ते.

पुण्याच्या तिघांना शिट्टीतलं काय कळतंय? ते थोडा येळ वाजवत ऱ्हायले, मग एकमेकांची तोंडं बघत एकेक करून विझले. आठ हजार माणूस आन् टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

"लाईट गेली का काय?" मागनं कुणीतरी विचारलं.

"लाईट गेली असती तर तुझं तोंड दिसलं असतं का?"

हशा झाला. आन् राजाराम, लबाड माणूस, त्यानं तेवढ्यात माईक तोंडाला लावला. "मित्रांनो! कऱ्हाडच्या दिवंगत कलाकारांना डॅशिंग फोरची ही मानवंदना! दोन मिनिटं शांतता!"

लोकं उठून उभी ऱ्हायली. बायकांनी डोक्यावर पदर घेतला. एक म्हातारा डोळं पुसायला लागला. 'काय संस्कार हायत पोरांवर,' असं पुढच्या रांगेतली तीच बाई म्हणली. मी माझ्या हातानं राजारामला देव करून ठेवला होता.

मग मला मास्तरांच्या कायद्यातली पुढची ओळ आठवली, आन् मी एक बारीक शिट्टी मारली.

म्होरक्यानं एकट्यानं एक ओळ घ्यायची. बँडमधे सात वर्सं म्होरक्या कोण होता? मुरली. सनईसारखं त्याचं क्लॅरिनेट वाजायचं आन् बाकीचे मान खाली घालून थांबायचे.

'तुझ्या खिडकीत अडकला माझा पतंग...'

त्यानं घेतली. पैल्याच गाण्याची. बाजा न्हाई, ढोल न्हाई. हळू, रडणाऱ्या घराला लागू नये अशी. सगळ्या मैदानावर एकटा आवाज. आन् पुढं भरल्या उजेडात चार हिरो मान खाली घालून उभे, तोंडं शिवल्यासारखी बंद.

"आरं," मागनं कुणीतरी ओरडलं, "ह्यो तर मास्तरांचा मुरल्या! माझ्या लग्नात गायलाय ह्यो!"

"माझ्या पण!"

"पडदा काढा! पडदा काढा!"

पडद्याला मी हात लावला न्हाई. माझा पदर त्याच्या दोरीत अडकला आन् मी जरा जोरात वळले. आता जुनाट दोरी तुटली त्याला मी काय करू? पडदा खाली आला. क्रेटपाशी उभा माझा मुरली, डोळं मिटलेले, ओळ संपवत असलेला.

ओळ संपली. दुसऱ्या ओळीला बाकीच्यांनी उचलायचं, हा कायदा. चौघांनी मान वर केली आन् उचललं की हो! बंद माईक तोंडाला लावून, जीव तोडून. तळ्यातले मासे तोंड उघडतात तसे चार मासे, आन् आवाज एकट्या मुरलीचा. मैदान आधी खदाखदा हसलं. मग पैली चप्पल आली, ती राजारामच्या जाकिटावर बसली. मग दुसरी. पोस्टरं टराटरा फाटायला लागली. त्यानंच सांगितलं होतं ना, फाडतील म्हणून?

राजाराम मागच्या बाजूनं पळाला. त्याच्या हातातला माईक खाली पडलेला. समीरनं त्यो उचलला. तोंडावरचा रंग घामानं वघळलेला.

"गाणारा..." त्यो म्हणला आन् थांबला. मग एका दमात म्हणला, "गाणारा मुरली यशवंत वायदंडे. कॅसेटवर पण त्योच हाय."

माझी सात अक्षरं त्यानं बापाच्या नावासकट दिली. तेवढ्यावर मी त्याला अर्धी माफी केली. उरलेली अर्धी अजून माझ्यापाशी हाय.

पुढचं कऱ्हाडात सगळ्यांना ठावं हाय. दिवाळीपर्यंत डॅशिंग फोर संपले. समीरनं पुढं काही वर्सांनी मोबाइलचं दुकान टाकलं, बाकीचे तिघं परत बँडात आले आन् मुरलीच्या मागं मान खाली घालून दुसरी ओळ उचलायला लागले. मुरली अकरा दिवस माझ्याशी बोलला न्हाई. 'तू शपथ घेतलीवतीस,' एवढंच. मी म्हणलं, 'शब्द काढला का?' त्यानं ताट सारलं. मी त्याची दुसरी कॅसेट मारली होती, हे मला कळत होतं. ती झाली असती का न्हाई, देवाला ठावं. पण बँडच्या गाडीवर हातभर अक्षरात नाव आलं, 'गायक मुरली वायदंडे', आन् पाटणपास्नं वडूजपर्यंत लोकं भटजीच्या आधी मुरलीची तारीख बघायला लागली. चार वर्सांनी राजाराम पण आला, पुतण्याच्या वरातीसाठी तारीख मागायला. जाकीट न्हवतं. मी त्याला बसायला पाट दिला आन् चहा दिला. कप अर्धाच भरून. त्यानं कपात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आन् गप पिला. तारीख काय मिळाली न्हाई.

आन् शिट्टीचं कुणी विचारलं तर आजवर मी हेच सांगत आलीय, की सगळं मी आधीच ठरवलं होतं. पैली शिट्टी, शांतता, दुसरी शिट्टी, सगळं मोजूनमापून. पोरं म्हणतात, आज्जी काय डोकं हाय! मी म्हणते, हाय मग.

फक्त त्या संध्याकाळी घरी आले तवा मास्तर खाटेवर उठून बसले होते. मैदान आमच्यापास्नं हाकेवर. मुरली कुणाशी न बोलता आतल्या खोलीत गेला आन् दार लोटून घेतलं.

"शिट्टी कुणी वाजवली?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"मयत कुणाचं होतं?"

"राजारामचं."

"जाळलं का पुरलं?"

"उभंच सोडून आले."

ते हसायला गेले आन् खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली, पाणी दिलं. शिट्टी खिळ्याला अडकवली. मला वाटलं झालं, सुटले. पण मास्तर बँडचे मास्तर होते.

"मग दुसरी एवढ्यात कशी वाजवलीस? मी मोजत होतो. तेवढ्या येळात मयत गल्लीच्या तोंडाला सुद्धा पोचत न्हाई."

अख्ख्या जगाला मी थापा मारल्यात, पण त्या माणसाला कधी मारता आली न्हाई.

"आपला पण गप झाला ना," मी म्हणलं. "मला वाटलेलं, ती चार थांबतील आन् मुरली गात ऱ्हाईल. तर त्यो पण उभा ऱ्हायला, मान खाली घालून."

मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"येडे," ते म्हणले, "त्याला काय मी वेगळं शिकवलं होतं?"